नवा बूट, जुना गड

चिऊ,

सिंहगडावरचा फोटो मिळाला. चार मैत्रिणी, मागे दूरदर्शनचा मनोरा आणि तुझं ते कानापर्यंत पोचणारं हसू. तू असं हसतेस म्हणजे तुला डोंगर लागला, हे मला लगेच कळलं. मग मी फोटो बोटांनी मोठा केला आणि आत्याची नजर जिथे जायची तिथेच गेली. अंगात जीन्स, पायात कॉलेजचे सपाट तळाचे बूट, खांद्याला एकाच पट्ट्यावर लोंबणारी पिशवी आणि चौघींत मिळून पाण्याची एक बाटली. तुला रागवत नाही ग. माझा पहिला गड याहून वाईट अवस्थेत झाला होता.

तुला ठाऊक आहे, मी नाशिकला पोस्टात तीस वर्षं खिडकीवर बसले. आठवड्याला एकच सुट्टी, रविवारची. त्या एका दिवसात अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, आणि जोडून सुट्टी आली की कळसूबाई नाहीतर हरिश्चंद्रगड. एवढ्या भटकंतीत एक गोष्ट मला पक्की कळली. ट्रेक पायथ्याशी सुरू होत नाही आणि पायथ्याशी संपतही नाही. तो शनिवारी संध्याकाळी खोलीत सुरू होतो आणि सोमवारी सकाळी बूट वाळल्यावर संपतो. डोंगरावर जे बिघडतं त्यातलं बरंचसं आदल्या दिवशी घरातच बिघडलेलं असतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून पाठवते. एका दमात वाचू नकोस, दर शनिवारी थोडं थोडं वाच.

१. नवा बूट, जुना गड. बूट नवे घेतलेस की पंधरा दिवस कॉलेजला घाल, मग वेताळ टेकडीवर ने, मग ओळखीच्या सिंहगडावर – टाचेला फोड यायचाच असेल तर तो स्वारगेटची बस मिळेल अशा ठिकाणी यावा.

२. बूट संध्याकाळी विकत घे आणि जाड मोजे घालूनच मापून बघ – दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, गडावरही तसेच फुगणार. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात आणि महिनाभर दुखत राहतात.

३. दुकानात बूट उलटा करून तळ बघ, मगच किंमत विचार – ओल्या कातळावर मऊ रबर आणि खोल नक्षी धरून ठेवते, रंग नाही. कितीतरी मुरलेल्या भटक्यांनी साध्या, स्वस्त बुटांवर अख्खा सह्याद्री पालथा घातला आहे.

४. जीन्स कॉलेजला ठेव. ती भिजली की जड होते, वाळत नाही आणि मांड्या सोलवटून काढते – रतनगडाच्या एका पावसाळी रविवारी मी हे अनुभवलं आणि सोमवारी खिडकीवर उभी राहूनच काम केलं. पातळ, चटकन वाळणारी पँट आणि लांब बाह्यांचा शर्ट घाल, कारवीच्या जाळीत हात ओरबाडत नाहीत.

५. सॅक शनिवारी दिवे लागताना भर, पहाटे नाही – पहाटे माणूस हाताला लागेल ते कोंबतो आणि विजेरी नेमकी टेबलावर राहते.

६. जड सामान पाठीला चिकटून आणि मधोमध ठेव, खाऊ आणि रेनकोट वर ठेव. पट्टे दोन्ही खांद्यांवर घे – एका खांद्यावरचं ओझं अरुंद वाटेवर तुला दरीच्या बाजूला ओढतं.

७. सॅकच्या आत मोठी प्लॅस्टिकची पिशवी लाव आणि सगळं तिच्यात भर. वरून घालायची खोळ वाऱ्यात उडते, आतली पिशवी उडत नाही – कोरडे मोजे आणि कोरडा शर्ट हीच पावसाळ्यातली खरी श्रीमंती.

८. एक हात नेहमी मोकळा ठेव. पाण्याची बाटली, फोन, कणीस, जे काय असेल ते सॅकमध्ये जाऊ दे – पाय घसरला की हात आपोआप कातळ शोधतो, तेव्हा त्यात कणीस नको.

९. विजेरी डोक्याला बांधायची घे आणि दिवसाच्या ट्रेकलाही ने. सेल वेगळे काढून ठेव – सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन ती दिवसभर पिशवीलाच उजेड दाखवत बसते.

१०. सुटे पैसे ने. दहा, वीस, पन्नासच्या नोटा – गडावर रेंज नसली की फोनमधले पैसे कागदावरच्या लाडवासारखे. आणि ताकवाल्या मावशींनी पाचशेची नोट सुटी करायची कुठे?

११. शनिवारी रात्री लवकर झोप. उशिरापर्यंत सिनेमा बघून पहाटेची गाडी पकडलीस तर चढ अंगावर येतो – थकलेलं डोकं पाऊल चुकीच्या जागी टाकतं आणि दोष दगडाला देतं.

आता डब्याचं सांगते. तुझी मेसची पोळी दुपारपर्यंत चामडं होते हे मला माहीत आहे. बाबाला विचार, त्याच्या लहानपणी आम्ही दोघं भावंडं दशम्यांवर किती फिरलोय. तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पायथ्यापासूनच 'ताई, डबा कधी?' सुरू व्हायचं.

१२. दुधात भिजवलेली दशमी किंवा मेथीचा ठेपला आणि दाण्याची कोरडी चटणी ने – पाण्याने भिजवलेल्या पोळीपेक्षा दशमी जास्त टिकते, मऊ राहते आणि गार खाल्ली तरी गोड लागते. दहीभात, रस्साभाजी उन्हाळ्यात नेऊ नकोस, दुपारपर्यंत आंबते.

१३. गूळ आणि भाजलेले शेंगदाणे खिशात ठेव, सॅकच्या तळाशी नको. दर तासाला मूठभर खा – पोट रिकामं झाल्यावर खाल्लं तर ताकद यायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात माणूस मैत्रिणींवर चिडतो.

१४. पाणी माणशी तीन लिटर, पावसाळ्यात दोन. चौघींत एक बाटली हा हिशेब पुन्हा दिसला तर मी पुण्याला येईन! एक लिटर परतीसाठी राखून ठेव – चढताना सगळ्यांना पाणी आठवतं, उतरताना कुणाला नाही.

१५. घोट घोट पी, तहान लागायची वाट बघू नकोस. मार्च ते मे बाटलीत लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ घाल किंवा ओआरएसची पुडी ठेव – घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. मग पोटऱ्यांत गोळे येतात.

१६. हे मुलींसाठी, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. आडोसा मिळणार नाही या धास्तीने पाणी कमी पिऊ नकोस. मी किती वर्षं तसं केलं आणि त्याने लघवीची जळजळ मागे लावून घेतली. एकीला पाळतीवर उभी कर, पाण्यापासून आणि वाटेपासून लांब जा, काठीने गवत हलवून मग बस – लाज पाच मिनिटांची असते, दुखणं पाच दिवसांचं.

१७. पाळीची तारीख असो वा नसो, सॅकमध्ये दोन पॅड, कागद आणि घट्ट बंद होणारी एक पिशवी कायम ठेव. वापरलेलं त्या पिशवीतून परत आण – चढ आणि दगदग तारखा विचारत नाहीत, आणि टाक्याकाठी टाकलेलं पॅड पुढच्या पावसात टाक्यातच उतरतं. पोट फार दुखत असेल तर त्या रविवारी जाऊ नकोस, गड कुठे पळत नाही.

१८. निघताना बाबाला एकच निरोप पाठव: कोणता गड, कोणत्या गावातून, कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत खाली. आणि पुढे लिही, 'नऊपर्यंत फोन नाही आला तर या नंबरवर विचारा.' गावातल्या एखाद्या घराचा किंवा हॉटेलवाल्याचा नंबर दे – नुसतं 'ट्रेकला जातेय' एवढं कळलेला बाप रात्रभर अख्खा सह्याद्री डोळ्यांसमोर आणतो.

१९. ठरलेली वाट ऐनवेळी बदलू नकोस. गुंजवण्यातून राजगड सांगितलास तर पाली दरवाज्याने उतरायचा मोह टाळ, नाहीतर आधी निरोप बदल – शोधायला येणारा माणूस तू सांगितलेल्या वाटेवरच शोधतो.

२०. पायथ्याच्या गावात पाच मिनिटं थांब. राम राम कर, पाणी माग, वाट विचार – तुझ्या ट्रेकची खरी सुरक्षितता त्या गावाच्या ओळखीत असते. अपघात झाला तर दोर आणि डोली घेऊन आधी तिथलीच माणसं धावतात.

२१. 'किती लांब आहे?' असं विचारू नकोस, 'हे काय, इथंच' असंच उत्तर येणार. 'तुम्हाला किती वेळ लागतो?' असं विचार आणि त्याची दुप्पट धर – त्यांचे पाय त्या वाटेवर वाढलेत, तुझे जिन्यावर.

२२. आणि 'वाट कुठून जाते?' एवढ्यावर थांबू नकोस, 'वाट कुठे चुकते?' हेही विचार – गावातल्या म्हाताऱ्यांना नेमकं माहीत असतं की पोरं कुठल्या झाडापाशी डावीकडे जातात आणि फसतात.

हा बाविसावा मुद्दा मला फार महागात कळला. हरिश्चंद्रगडावर आम्ही पाचजणी पाचनईतून चढलो होतो. सप्टेंबर होता. देऊळ पाहिलं, केदारेश्वराच्या गुहेत कमरेपर्यंत गार पाण्यात उतरून त्या अवाढव्य पिंडीला प्रदक्षिणा घातली. चारातला एकच खांब शाबूत आहे तिथे, तू बघशील. मग कोकणकड्यावर गेलो. परतताना धुकं उतरलं. पंधरा पावलांवरची मैत्रीण दिसेना. पायाखाली छान मळलेली वाट होती म्हणून आम्ही तिच्यावर विश्वास टाकला. ती ढोरवाट होती. गुरं चरायला जातात ती. तीन तास आम्ही त्याच पठारावर गोल फिरत होतो आणि प्रत्येकीला वाटत होतं, दुसरीला वाट माहीत आहे. शेवटी एकीच्या पिशवीत शिट्टी सापडली. तिने तीन वेळा वाजवली, थांबली, पुन्हा तीन वेळा. धुक्यातून एका गुराख्याची हाक आली. तो पोरगा बारा वर्षांचा असेल. त्याने आम्हाला वीस मिनिटांत देवळापाशी आणून सोडलं आणि कड्यापासून आम्ही किती जवळ होतो ते जाताना हाताने दाखवलं. तो हात मला अजून दिसतो.

२३. ढोरवाट ढोरांना कुरणात नेते, तुला घरी नाही. वाट फुटेल तिथे मागे वळून एकदा बघ आणि डोळ्यांत साठव – परतताना तोच देखावा समोर येणार असतो, आणि तो जाताना दिसलेल्या देखाव्यापेक्षा अगदी वेगळा असतो.

२४. धुक्यात पाय थांबवावे, तोंड चालू ठेवावं. सगळ्यांनी एकत्र बसा, हाका मारा, शिट्टी वाजवा – धुकं पुष्कळदा अर्ध्यापाऊण तासात विरळतं, चुकीच्या दिशेने टाकलेली हजार पावलं मात्र विरळत नाहीत.

२५. वाट चुकली असं वाटलं की शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे ये. 'इथूनच उतरून बघू, खाली दिसतंय गाव' म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नकोस – सह्याद्रीत गाव दिसतं आणि मधला कडा दिसत नाही.

२६. सगळ्यात हळू चालणारीला मधे किंवा पुढे ठेव आणि एका जाणतीला सगळ्यांच्या मागे – मागे पडलेली मुलगी दम लागूनही सांगत नाही, लाजेने धापा टाकत चालत राहते. पुढचे तिची वाट बघत थांबतात आणि ती पोचताच उठून चालू लागतात, म्हणजे विसावा नेमका तिलाच मिळत नाही.

२७. नव्या जागेवर हात टाकण्याआधी बघ, पाय टाकण्याआधी काठी आपट. फुरसं दगडाच्या रंगाचं असतं आणि दगडाखालीच बसतं – ते अंगावर येत नाही, आपणच त्याच्यावर जातो.

२८. साप चावलाच तर चिरा देऊ नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. अंगठ्या, बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, वेळ लक्षात ठेवा आणि शक्य तर माणसाला उचलून जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. १०८ला फोन करा – प्रतिविष सुईतूनच मिळतं, मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

२९. आग्या मोहोळ कड्याला लटकलेलं दिसलं की आवाज बंद, अत्तर-स्प्रे बंद, धूर तर मुळीच नाही. तिथून गुपचूप पुढे जा – भडकलेल्या माशा अख्ख्या गटाचा पाठलाग करतात आणि पळताना माणूस कड्याकडे बघत नाही.

३०. मे महिन्यात आणि दसऱ्याच्या आसपास दुपारी ढग दाटले की माथा, लोखंडी शिड्या, झेंड्याचा खांब सोड आणि खाली ये. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोज, तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर – तीसच्या आत आकडा आला की वीज तुझ्या अंगणात आली. कळसूबाईच्या शिड्यांवर अशा वेळी फोटोसाठी थांबलेली माणसं पाहून माझा जीव खालीवर होतो.

३१. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गुडघ्याला लागत असेल आणि जोर असेल तर ओलांडू नकोस. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत येऊ लागली की लगेच काठ सोड – तुझ्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या पठारावर पाऊस पडून गेलेला असतो. अडकलीस तर बसून राहा, ओढा काही तासांत उतरतो.

३२. हिरव्या शेवाळावर पाय देऊ नकोस, पण काळ्या ओल्या कातळालाही कोरडा समजू नकोस – हिरवं तरी दिसतं, काळं फसवतं.

३३. हरिहरच्या पायऱ्या उतरताना तोंड कातळाकडे ठेव आणि पायऱ्यांत हातासाठी कोरलेल्या खोबण्या धर. गर्दी असेल तर खाली निरगुडपाड्यालाच चहा पीत थांब, शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम – त्या पायऱ्यांवर वरून येणारे आणि खालून जाणारे एकमेकांना ओलांडू लागले की जागा उरते ती हवेत.

३४. कोकणकड्यावरून खाली बघायचं तर पालथं पडून बघ, मैत्रिणीने पाय धरावे. उभं राहून, पाठ करून फोटो नको – कड्यावरचा वारा खालून वर येतो आणि मधेच थांबतो. त्याला रेलून उभं राहिलेलं माणूस पुढे जातं.

३५. फोटो काढण्याआधी पाच मिनिटं नुसती बस. कोकणकड्यावर खाली ढग आणि पाठीशी ऊन असं जुळलं तर ढगावर तुझी सावली पडते आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात – मला ते इतक्या वर्षांत एकदाच दिसलं, आणि दिसलं कारण फोटोचा रोल संपला होता म्हणून मी बसून होते.

३६. फोन विमानाच्या खुणेवर ठेव आणि नकाशा आधीच उतरवून घे – रेंज शोधण्यात फोनची बॅटरी जाते. शेवटचे तीस टक्के हे फोटोंचे नाहीत, मदतीच्या फोनचे आहेत.

३७. परत फिरायची वेळ घरीच ठरव आणि माथा गाठला नाही तरी पाळ. थंडीत साडेसहाला अंधार असतो, म्हणून मी दुपारी एक वाजता जिथे असेन तिथून वळायचे – गडाला घाई नसते, शेवटच्या एसटीला असते.

या वळण्याचं अजून सांगते, कारण तुमच्या वयाला तेच जड जातं. आम्ही एकदा तोरण्याला गेलो. वेल्ह्यातून चढताना एकीला उलट्या सुरू झाल्या. बिनी दरवाजा वर दिसत होता, फार तर अर्धा तास. मी म्हणाले, 'तुम्ही जा, मी हिच्याबरोबर उतरते.' मनातून इतकी खट्टू झाले होते की उतरताना तिच्याशी धड बोललेही नाही. तिला ऊन लागलं होतं. खाली दवाखान्यात सलाईन लावलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं. गड पुढच्या जानेवारीत झाला, तीही होती बरोबर. न बोलल्याचं मात्र मला अजून वाईट वाटतं. तू उतरलीस कुणासाठी तर बोलत उतर.

३८. चढ छाती मागतो, उतार गुडघे मागतो. उतरताना पावलं लहान टाक, गुडघे किंचित वाकवलेले, घसाऱ्यावर पाय आडवा – ताठ गुडघ्यावर धावत उतरणाऱ्या माझ्या पिढीतले निम्मे आता जिना उतरताना कठडा धरतात.

३९. शेवटची दहा मिनिटं सगळ्यात जपून. माझा घोटा कड्यावर कधी मुरगळला नाही, गाव दिसल्यावर, एसटीचा हॉर्न ऐकून धावताना मुरगळला – डोळे घराकडे गेले की पाय पोरके होतात.

४०. टाक्यातलं पाणी भांड्याने बाहेर काढून घे, आत पाय नको, साबण नको, खरकटं ताट नको. आणि उकळून किंवा गाळून, औषधाची गोळी टाकूनच पी – कातळात शेकडो वर्षांपूर्वी खोदलेल्या टाक्यातलं ते पाणी गुराखी, पाखरं आणि उद्याचा ट्रेकर यांचंही आहे.

४१. आपला कचरा आण आणि दुसऱ्याचे दोन कागदही उचल. दोनच, जास्त नको – एकाच दिवसात गड झाडायला निघणारे दमतात आणि पुन्हा येत नाहीत, दर वेळी दोन उचलणारे वर्षानुवर्षं उचलतात.

४२. भिंतीवर नाव लिहू नकोस, मैत्रिणीलाही लिहू देऊ नकोस. सतराव्या वर्षी मी एका गडाच्या देवडीत कोळशाने नाव लिहिलं होतं. पुढच्या वर्षी ओलं फडकं घेऊन मुद्दाम गेले आणि तासभर घासलं, तरी डाग राहिला. राष्ट्रीय संरक्षित गडाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे हे मला नंतर कळलं – पण खरं सांगू, दंडापेक्षा त्या डागासमोर उभं राहणं जास्त जड होतं.

४३. गड मोजत फिरू नकोस. जुलै २०२५ मध्ये साल्हेर, शिवनेरी, राजगड, रायगड, लोहगड असे बारा किल्ले जागतिक वारशात आले, आणि आता तुमच्या वयाची मुलं 'बारापैकी किती झाले' विचारतात. बारावा जिंजी तर तमिळनाडूत आहे. एक राजगड तीन वेळा बघ, एकदा पद्मावती, एकदा सुवेळा, एकदा संजीवनी माची – शिवाजी महाराजांनी पंचवीसएक वर्षं जिथे काढली तो गड दुपारच्या दोन तासांत संपत नाही.

४४. जाण्याआधी थोडं वाच. गोनीदांची 'दुर्गभ्रमणगाथा' किंवा आनंद पाळंदेंचं 'डोंगरयात्रा' तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात असेल – माहिती असली की पडकी भिंत भिंत राहत नाही, तिथे दरवाजा, देवडी, सदर दिसू लागते.

४५. जूनच्या तोंडावर राजमाचीला काजवे बघायला जाशील तेव्हा विजेरी बंद कर आणि काजवा बाटलीत भरू नकोस – ते लुकलुकणं म्हणजे त्यांचं लग्न जुळवणं आहे, आणि त्याला थोड्याच रात्री मिळतात.

४६. भाकरी-पिठलं देणाऱ्या मावशींशी घासाघीस नको. दही मागवलंस तर मडकं परत दे, काढलेला फोटो पुढच्या वेळी छापून नेऊन दे – त्यांनी दुधाची किटली आणि सरपण डोक्यावरून चढवलेलं असतं, तुझ्या सॅकसारखं पाठीवरून नव्हे.

४७. रविवारी रात्री कितीही पाय दुखले तरी बुटांतला चिखल काढ, आतल्या गाद्या बाहेर काढ आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब. तासाभराने बोळे बदल – कागद ओल ओढून घेतो. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नकोस, तळाचा डिंक सुटतो आणि पुढच्या गडावर बूट तोंड उघडतो.

४८. सॅक उलटी करून झटक, सगळे कप्पे उघडे ठेवून टांग – कुठल्यातरी कप्प्यात अर्धा लाडू असतोच, आणि तुझ्या खोलीतल्या मुंग्यांना तुझ्याआधी कळतं.

४९. झोपण्याआधी वहीत पाच ओळी लिही: तारीख, वाट, कुठे किती वाजता, पाणी कुठे, एसटी किती वाजता. काय चुकलं तेही लिही – जे चुकलं ते लिहिलं नाही तर ते तसंच पुन्हा चुकतं. माझ्या अशा अकरा वह्या आहेत, तू नाशिकला आलीस की तुझ्या.

५०. सोमवारच्या पहिल्या तासाला जा. झोप आली तरी जा – रविवार सोमवारला खाऊ लागला की आधी अभ्यास जातो आणि मग घरचे डोंगर बंद करतात. परीक्षेच्या महिन्यात वेताळ टेकडी पुरे.

५१. महिन्याच्या खर्चातून शंभर रुपये बाजूला टाक, पोस्टात खातं उघडलंस तर मला आवडेल. पहिल्या वर्षी बूट, दुसऱ्या वर्षी चांगली सॅक – मागून आणलेल्या सॅकचा पट्टा नेमका चढावर तुटतो आणि मग मैत्री तुटायला वेळ लागत नाही.

५२. खाली उतरलीस की बाबाला फोन कर आणि मला एकच शब्द पाठव: 'उतरले.' बाकी फोटो नंतर – तो शब्द येईपर्यंत मी रविवारी दुपारची झोपत नाही.

या पार्सलमध्ये तीन वस्तू आहेत. एक शिट्टी, तीच, हरिश्चंद्रगडावरची. मैत्रिणीने मला दिली होती, आता तुझी. ती सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला बांध, आत ठेवू नकोस. दुसरी, डोक्याला बांधायची विजेरी, सेल वेगळे काढून कागदात गुंडाळलेत. तिसरा, भाजलेल्या दाण्यांचा डबा, गूळ खाली आहे. मैत्रिणींना दे. स्टीलचा डबा आहे, झाकणावर माझं नाव कोरलेलं आहे, तो तेवढा दिवाळीला परत आण.

तुझी आत्या